त्रेचाळीस कागद, एक पान

रत्नागिरीत गेल्या तीस-चाळीस वर्षांत जेवढी माणसं पंगतीला बसली, त्यांतली निदान निम्मी बसण्याआधीच माझ्या साडूंनी मोजून ठेवलेली होती, असं म्हटलं तर बाहेरगावच्या वाचकाला ती थाप वाटेल. रत्नागिरीकर मात्र विचारील, ‘निम्मी? मग उरलेली कोणी मोजली?’ लग्न ठरलं की मुलीचा बाप आधी साडूंकडे यायचा आणि मग भटजींकडे जायचा. मुहूर्त चुकला तर ग्रहांची शांत करता येते, पान कमी पडलं तर त्याला शांत नाही, असा हिशेब. साडू आमंत्रणाची यादी मागून घेत, तिच्यावरून सावकाश बोट फिरवत, मधेच एखाद्या नावाशी अडून “हे दोघे भाऊ हल्ली बोलतात का हो एकमेकांशी?” असं विचारत, आणि शेवटी डोळे मिटून सांगत, “तीनशे बारा पानं. तुम्ही तीनशे पंधरा मांडा.” आणि तीनशे बाराच होत. फार तर तीनशे दहा. शितावरून भाताची परीक्षा सगळेच करतात. भातावरून पाहुण्यांची परीक्षा करणारा माणूस मी एकच पाहिला.

त्यांच्याकडे लाल कापडी बांधणीची एक जाडजूड वही होती. तिच्यात स्वतःच्या मुंजीपासूनचं प्रत्येक कार्य नोंदलेलं होतं. मुंजीचा आकडा त्यांनी मोठेपणी आईला खोदखोदून विचारून मिळवला होता, आणि त्यात एक मामा ती शेवटपर्यंत धरायला तयार नव्हती. वहीत बोलावलेले किती, आलेले किती, आणि दोन्हींचा भागाकार. या भागाकाराला ते ‘गुणक’ म्हणत. गावातल्या माणसाचा गुणक वेगळा, वाडीतल्याचा वेगळा. नाट्याकडचे लोक येतो म्हणत नाहीत आणि येतात. पोफळीच्या वीज वसाहतीतला पाहुणा एकटा कधी येत नाही, जीप भरून येतो. सर्वांत मोठा गुणक मुंबईकरांचा: “कळवतात चार, उतरतात नऊ, आणि त्यांतले दोन आंघोळीला म्हणून समुद्रावर जातात ते पंगत उठल्यावर येतात.” आमरस असला तर अधिक, नवऱ्यामुलाला नोकरी नसली तर वजा. एक रकाना ‘यजमानीणबाईंचा स्वभाव’ असाही होता, तिथे नुसतं अधिक किंवा वजाचं चिन्ह असे. आमच्या घरापुढे कोणतं चिन्ह आहे ते मी कधी पाहिलं नाही. धीर झाला नाही.

आमचं नातं दुहेरी. आम्ही दोघं सख्ख्या बहिणींचे नवरे, आणि दोघंही एकाच कॉलेजात संख्याशास्त्र शिकवणारे. ते वयानं आणि नोकरीनं मोठे. पदवीनं मोठा मी. मी पुण्याला राहून सहा वर्षं घासून डॉक्टरेट मिळवली होती आणि साडू सेकंड क्लास एमएस्सीवर सुखात होते. माझी एकच इच्छा होती: निदान कॉलेजच्या आवारात तरी त्यांनी मला ‘डॉक्टर’ म्हणावं. गावात ती सोय नव्हती, कारण डॉक्टर म्हटलं की लोक जीभ काढून दाखवत. पण साडू भर स्टाफरूममध्ये, प्राचार्यांच्या देखत, शिपायाच्या देखत, मला लांबूनच हाक मारत, “काय साडूभाऊ!” आणि मग शिपाईसुद्धा मागे वळून हसे. त्यांच्या मनात काही नव्हतं. त्यांना माझा अभिमानच होता, तो ते घरी नातेवाइकांत बोलूनही दाखवत. मलाच तो बायकोमार्फत मिळालेला अभिमान नको होता.

मी वर्गात फळा भरून सूत्रं लिहायचो आणि पोरं जांभया द्यायची. साडू पोरांना घेऊन मिरकरवाड्याच्या बंदरावर जायचे. एकदा त्यांनी सगळा वर्ग बांगड्यांच्या टोपलीभोवती उभा केला, वरचे तीन बांगडे हातात घेऊन तोलले, टोपलीला एक प्रदक्षिणा घातली आणि आकडा सांगितला. टोपलीवाली म्हणाली, “मास्तर, घ्यायचे नसतील तर मोजू नका हो, माशांना पण लाज वाटते.” पण तिलाही उत्सुकता होतीच. तिनं टोपली ओतली आणि मोजली. साडूंचा आकडा दोननं कमी निघाला. ती हसली आणि म्हणाली, “चुकलेले दोन तुमचे. न्या.” आणि तो जन्माचा शाकाहारी माणूस दोन बांगडे शेपटीला धरून वर्गासमोर उभा राहिला आणि गंभीरपणे म्हणाला, “मुलांनो, ही आपली त्रुटी. ही लपवायची नसते, हातात धरून दाखवायची असते.” त्या वर्गातली मुलं आज बँकांत, बंदरांत, आखातात, कुठे कुठे आहेत. भेटली की मला नमस्कार करतात आणि बांगड्यांची गोष्ट सांगतात. ती गोष्ट मी निदान चाळीस वेळा ऐकली असेन आणि दर वेळी हसलो आहे.

मी मुळात कमी बोलणारा. लोक कमी बोलण्याला सद्गुण समजतात. त्याच्या आडोशाला काय काय ठेवता येतं, हे ज्याचं त्याला माहीत. मी जे ठेवलं होतं ते आज सांगून टाकतो.

साडूंना पत्रं लिहायचा नाद होता. कुठल्याशा मासिकात त्यांनी उत्तरेकडच्या एका थंड देशातल्या प्राध्यापकांचा, समुद्रात मासे किती आहेत ते न पकडता कसं सांगावं, यावरचा लेख वाचला आणि त्यांना लिहिलं की आमच्याकडे बागायतदार झाडाखाली उभा राहून वर आंबे किती आहेत ते सांगतो, त्याची पद्धत अशी अशी. इंग्रजी साधं, अक्षर सुरेख, आणि समासात आंब्याच्या झाडाचं चित्र. त्या प्राध्यापकांचं उत्तर आलं. मग दहा वर्षं उत्तरं येतच राहिली. मधल्या काळात ते प्राध्यापक संख्याशास्त्रज्ञांच्या एका जागतिक संस्थेचे अध्यक्ष झाले, हे साडूंना माहीतच नव्हतं. त्यांच्या लेखी ते ‘आपले बांगडेवाले’ होते. आणि नव्वदचं दशक संपता संपता, कोकण रेल्वे नुकती धावू लागली होती तेव्हा, त्या संस्थेची आपल्या देशात भरायची परिषद एका मोठ्या शहरानं ऐन वेळी नाकारली. अध्यक्षांनी सहज आपली व्यथा साडूंना लिहिली. साडूंनी उलट टपाली लिहिलं, ‘काळजी नसावी. सर्वांनी आमच्याकडे यावे. आता रेल्वेही आली आहे.’ जसं काही मुंज होती.

अध्यक्षांचं होकाराचं पत्र घेऊन साडू प्राचार्यांकडे गेले तेव्हा मी तिथेच होतो. प्राचार्यांनी ते दोनदा वाचलं, उलटं करून पाहिलं आणि विचारलं, “इतके जगातले विद्वान रत्नागिरीत येऊन मोजणार काय?” दाराशी उभा शिपाई म्हणाला, “नारळ मोजतील, साहेब.” पण साडूंचा उत्साह असा होता की पंधरा दिवसांत प्राचार्यच जिल्हाभर सांगत सुटले की ही कल्पना त्यांची. समित्या झाल्या. साडू स्वागताचे प्रमुख. मला सचिव केलं, कारण माझं इंग्रजी बरं आणि मी डॉक्टर. सचिव म्हणजे काय, तर पाहुण्यांची पत्रं आणि ई-मेल माझ्याकडे यायचे. ई-मेल तेव्हा एसटी स्टँडजवळच्या एका संगणकाच्या दुकानात येई. दुकानदार छापून ठेवी, मी जाऊन आणी.

साडूंनी परिषदेलाही लाल वहीच उघडली. मी म्हटलं, “अहो, ही लग्नाची वही.” तर म्हणाले, “माणसं तीच हो साडूभाऊ. जेवायला येणारं माणूस जगात सगळीकडे सारखंच.” मग त्यांनी दोन गुणक केले. ‘यायचा विचार आहे’ असं लिहिणाऱ्यांचा गुणक त्यांनी आपल्या वाडीतल्या दूरच्या नातेवाइकांवरून घेतला: दहांत चार. ‘नक्की येतो’ म्हणणाऱ्यांचा दहांत नऊ. “एकजण ऐन वेळी आजारी पडतो,” ते म्हणाले, “हे गोऱ्यांतही असणारच.” या हिशेबानं त्यांचा आकडा निघाला एकशे अठ्ठेचाळीस. तेव्हाच्या रत्नागिरीत तेवढ्या चांगल्या खाटा मिळवणं म्हणजे दिव्य होतं. कॉलेजचं वसतिगृह, सरकारी विश्रामगृह, दोन-तीन हॉटेलं, सगळीकडे स्वतः जाऊन प्रत्येक खाटेवर आडवे होऊन त्यांनी एकशे पन्नास खाटा पसंत केल्या. मला म्हणाले, “नक्की येणारे आणखी कोणी निघाले तर लगेच सांगा हं. विचारवाल्यांचं काही नाही. नक्कीवाले महत्त्वाचे.”

परिषदेला अठरा दिवस होते. त्या दिवशी इथल्या एका वर्तमानपत्रात पहिल्या पानावर साडूंचा फोटो आला. फोटो काढला तेव्हा आम्ही दोघं शेजारी उभे होतो. छापताना कोणीतरी तो कापला होता. साडूंच्या डाव्या बाजूला एक कोपर दिसत होतं. ते माझं. नव्या शर्टाच्या बाहीला मी कोपरापाशी मुद्दाम इस्त्री करून घेतली होती. सकाळी बायको फोटो बघून म्हणाली, “भावोजी किती छान आलेत नाही?” आणि थोड्या वेळानं, बारकाईनं बघून, “तुम्हीपण आहात की!” दुपारी मी संगणकाच्या दुकानात गेलो. दुकानदारानं गठ्ठा हातात ठेवला आणि म्हणाला, “सर, तुमचे साडू काय फेमस झाले हो! फोटो बघितलात?”

गठ्ठ्यात त्रेचाळीस कागद होते. त्रेचाळीस माणसं, सगळी नवी, आधीच्या कोणत्याही यादीत नसलेली, आणि सगळी ‘नक्की’. मी तो गठ्ठा माझ्या टेबलाच्या खणात, न तपासलेल्या चाचणीच्या पेपरांखाली ठेवला. उद्या देऊ म्हटलं. देवाशपथ सांगतो, ठेवताना मनात एवढंच होतं की आजचा दिवस त्यांना आणखी काही आनंदाचं कळायला नको. संध्याकाळी साडू स्कूटरवरून आले, आमच्या फाटकाशी एक पाय टेकून उभे राहिले आणि विचारलं, “आणखी कोणी नक्कीवाले?”

मी म्हटलं, “नाही.”

त्यांनी पुन्हा विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मी मनाला कित्येक वर्षं बजावलं. पण साडूंचा एक नियम होता. माहिती देणाऱ्याला दुसऱ्यांदा विचारायचं नाही. दुसऱ्यांदा माणूस आपल्याला बरं वाटेल ते सांगतो. पहिलं उत्तर खरं. त्यांनी वहीत माझं ‘नाही’ लिहून घेतलं आणि स्कूटर वळवली. चार दिवसांनी मी तो गठ्ठा पिशवीत घालून झाडगावला त्यांच्या घरापर्यंत गेलोसुद्धा. ओटीवर दहा-बारा माणसं बसली होती आणि साडू त्यांना पाहुण्यांशी कसं बोलायचं ते शिकवत होते. हशा चालला होता. मी फाटकापासूनच परतलो. वाटेत मला पहिल्यांदाच स्पष्ट दिसलं की मला काय बघायचं आहे. मला साडूंचा आकडा चुकलेला बघायचा होता. एकदाच. जगासमोर.

तो मला बघायला मिळाला. परिषदेच्या आदल्या दिवशी दुपारी पाहुण्यांची गाडी आली. फलाटावर लेझीम होती, प्राचार्य फेटा बांधून होते आणि साडू हातात पाटी घेऊन उतरणाऱ्या प्रत्येक पाहुण्यामागे एक रेघ ओढत होते. मी त्यांच्या शेजारी होतो, तसाच, कोपराला कोपर लावून. शंभरपर्यंत ते प्रत्येकाला हसून नमस्कार करत होते. एकशे चाळीसला त्यांनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. एकशे अठ्ठेचाळीसला पाटी खाली केली. माणसं उतरतच होती. उंच, ठेंगणी, काळी, गोरी, पाठीवर बोजे घेतलेली. साडूंनी पाटी पुन्हा वर केली. एकशे साठनंतर त्यांनी चष्मा काढून पुसला, जणू पाहुणे काचेवर होते. शेवटचे आपले बांगडेवाले अध्यक्ष उतरले, सोबत न कळवता आणलेली बायको. एकशे अठ्ठ्याऐंशी. साडू हळूच म्हणाले, “साडूभाऊ, चाळीसनं चुकलो हो.” आणि त्यांच्या चेहऱ्यावर, मी इतके दिवस ज्याची वाट पाहिली होती ते, अगदी हवं तसं दिसलं. मला त्याचा आनंद किती वेळ झाला? चिमटीतलं मीठ जिभेवर विरघळायला लागतो तेवढा.

पुढचं गावाला माहीत आहे. साडूंनी हमालाची ढकलगाडी ओढली, तिच्यावर चढले आणि फलाटावर पाहुण्यांना बघायला जमलेल्या गावकऱ्यांना उद्देशून मराठीत ओरडले, “मंडळी, पानं कमी पडलीत! चाळीस!” बस, एवढंच. रत्नागिरीत या वाक्याचा अर्थ सांगावा लागत नाही. पहिला आवाज खालच्या आळीतल्या एका बागायतदारांचा आला, “दोन माझ्याकडे. माझ्या तिन्ही मुलींची पानं तुम्ही सांगितलीत.” मग एक शिक्षिका, मग एक वकील, मग कुणीतरी पेठकिल्ल्यावरून. ज्यांच्या ज्यांच्या कार्यात पान कमी पडलं नव्हतं ते सगळे हात वर करत होते. आता कोणाला कोणाच्या घरी द्यायचं? तिथेही या गृहस्थांनी शास्त्र सोडलं नाही. कँटीनमधून आंब्याची रिकामी पेटी मागवली, नावांच्या चिठ्ठ्या टाकल्या आणि एका पाहुणीला डोळे मिटून काढायला लावल्या. संख्याशास्त्रज्ञांना परदेशात आल्यावर घरच्यासारखं कधी वाटलं असेल तर ते त्या क्षणी. त्यांनी टाळ्याच वाजवल्या.

फलाटावर माझ्यामागे उभ्या असलेल्या बायकोनं, घरी विचारून ठेवल्यासारखा, माझाही हात धरून वर केला होता. चिठ्ठीत मला नेमके अध्यक्ष आले, सपत्नीक. तीन दिवस ते आमच्या झोपाळ्यावर बसून साडूंबद्दल बोलले. साडूंची सगळी पत्रं त्यांनी एका फायलीत लावून आणली होती, आंब्याच्या झाडांसकट. “असा माणूस तुमच्या घरातला आहे,” ते मला म्हणाले, “तुम्ही भाग्यवान.” मी त्यांना आणखी सोलकढी वाढली. ते नको म्हणत होते तरी वाढली.

परिषदेत निबंध वाचले गेले, मीही वाचला. पण जो तो सांगायचा ते आपल्या यजमानीणबाईंचं. एकजण मोदकाच्या कळ्या पाडायला शिकला होता, एकीनं आरे-वारेच्या पुळणीवर यजमानांच्या आजीबरोबर शंख वेचले होते. समारोपाला अध्यक्ष म्हणाले की, पाहुण्यांची घराघरांत अशी यादृच्छिक वाटणी करण्याची योजना त्यांच्या संस्थेला आजवर सुचली नव्हती, आणि ती आखणाऱ्यानं दोन शब्द बोलावेत. साडू उठले. मी पहिल्या रांगेत होतो. त्यांनी दोन्ही हात पुढे केले, जसे कधी काळी त्या वर्गासमोर केले होते, पण या वेळी हातात काही नव्हतं. म्हणाले, “हे आखलेलं नव्हतं. माझा अंदाज चाळीसनं चुकला. आयुष्यभर मोजलं, आणि तुमच्यासारख्यांसमोर चुकलो. गावानं झाकून घेतलं.” लोकांना वाटलं, विनोद आहे. सभागृह हसलं, उभं राहिलं, टाळ्या थांबेनात. त्या दोनशे तज्ज्ञांत एकाच माणसाला कळलं की तो विनोद नव्हता, आणि खरं सांगतो, त्या टाळ्या ऐकताना त्या माणसाला त्यांच्या चुकीचासुद्धा हेवा वाटत होता.

त्यानंतर साडूंनी आकडे सांगणं सोडलं. यादी घेऊन कोणी आलं तर त्याला चहा देत आणि म्हणत, “आचाऱ्याला विचारा. त्याचा अनुभव मोठा.” लोकांना वाटलं, परिषदेनंतर मोठे झाले, आता लग्नाबिग्नात लक्ष घालत नाहीत. तसं नव्हतं. पूर्वी कार्यात ते मुदपाकखान्याच्या दाराशी उभे असत, बोटांवर अंगठा फिरवत, चेहरा कसा, तर नवरीच्या बापापेक्षा प्रसन्न. आता मंडपाच्या कडेला कुठेतरी बसत आणि सगळ्यांत शेवटच्या पंगतीला जेवत. वाढप्यानं जिलबी आणली की पानावर आडवा हात धरत. “सगळ्यांना पुरलं का ते बघ आधी.” एकदा असं चालू असताना मी शेजारीच होतो. माझ्या पानात दोन जिलब्या होत्या. त्या मी कशा गिळल्या ते माझं मला माहीत.

अशी सात वर्षं. खणातला गठ्ठा मी घरी आणून पुस्तकांमागे ठेवला होता. फाडावा तर हात होईना, द्यावा तर पाय निघेना. मग माझ्या मुलीचं लग्न ठरलं. बायकोनं यादी केली आणि म्हणाली, “भावोजींकडे घेऊन जा. तुम्हाला नाही म्हणायचे नाहीत.” मी यादी घेतली. जाताना तो गठ्ठाही घेतला.

साडू मागच्या अंगणात चटईवर कोकमाची सोलं वाळत घालत होते. हात मनगटापर्यंत लाल. यादी बघून नेहमीचं म्हणाले, “आचाऱ्याला विचारा, साडूभाऊ. माझा काही भरवसा नाही.” मी गठ्ठा त्यांच्यासमोर ठेवला. सांगितलं. सांगायला मला वाटलं होतं तास लागेल. चार वाक्यांत झालं. फोटो, खण, ‘नाही’, फलाट.

साडूंनी नजरेनं गठ्ठ्याची जाडी मोजली. मग विचारलं, “किती आहेत?”

“त्रेचाळीस.”

“सगळे नक्की?”

“सगळे नक्की.”

ते उठले. विहिरीवर जाऊन हात धुतले, दोनदा, तरी लाल राहिलेच. घरात गेले. तांदळाच्या डब्यांमागून काहीतरी ओढल्याचा आवाज आला. लाल वही घेऊन बाहेर आले, धूळ झटकली, पेन्सिलीला टोक काढलं. मी गुन्हेगारासारखा उभा आणि ते गुणाकार करतायत. “त्रेचाळीसाला दहांत नऊ,” ते पुटपुटले, “म्हणजे एकोणचाळीस. एकशे अठ्ठेचाळीस आणि एकोणचाळीस... एकशे सत्त्याऐंशी.” थांबले. “आले एकशे अठ्ठ्याऐंशी. त्यात अध्यक्षांची बायको. ती कळवून आली नव्हती. ती धरायची नाही.” पेन्सिल खाली ठेवली. “अगो!” त्यांनी घराकडे तोंड करून हाक मारली, आणि त्या हाकेत सात वर्षांपूर्वीचा आवाज होता. “अगो, ऐकलंस का? माझा आकडा बरोबर होता!”

अक्का, म्हणजे माझी मोठी मेव्हणी, पदराला हात पुसत दारात आली. “कसला हो आकडा?”

“परिषदेचा. बरोबर होता गो. बरोब्बर होता.”

“मग ती माणसं जास्त कशी झाली?”

साडूंनी तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. मग ते म्हणाले, “टपालात काही कागद गहाळ झाले होते. आत्ता सापडले.” आणि गठ्ठा वहीत घालून वही मिटली. अक्का आत गेली. ते पुन्हा चटईपाशी बसले आणि सोलं उलटू लागले. मला बस म्हणाले नाहीत. मी निघालो तसं, वर न बघता म्हणाले, “यादी ठेवून जा. मुंबईकर वेगळे लिहिलेत ना?”

तिसऱ्या दिवशी अक्काबरोबर चिठ्ठी आली. सुरेख अक्षरात एवढंच: ‘चारशे अकरा.’ खाली सही नाही, समासात झाड नाही.

लग्न मे महिन्यात झालं. आमरस होता. मी यजमान, सगळीकडे बघत होतो, पण खरं बघत होतो ते फाटकाकडे. अक्का सकाळीच येऊन कामाला लागली होती, साडूंचं विचारलं तर म्हणाली, “बघू म्हणाले.” मंगलाष्टकं झाली, मंडळी पांगली, पानं मांडली, आणि मी मुदपाकखान्यातून बाहेर येतो तो पहिल्याच पंगतीत, अगदी कोपऱ्यावर, साडू. मांडी घालून बसलेले. वाढपी आमरस घेऊन आला तर हात आडवा धरला नाही. वाटी पुढे केली. संपली तशी पुन्हा केली.

शेवटची पंगत उठल्यावर आचाऱ्यानं येऊन सांगितलं, “चारशे बारा झाली, सर. काय माणूस आहे हो तुमचा! एकनं चुकला फक्त.” साडू तेव्हा चपला शोधत होते. मी त्यांच्याजवळ गेलो. आकडाच सांगितला. म्हटलं, “चारशे बारा झाली. एक जास्त.”

त्यांनी एक चप्पल पायात सरकवली, दुसरी शोधली, तीही सरकवली. मग सरळ उभे राहून माझ्याकडे बघितलं. रागानं नव्हे. कॉलेजात नव्या माणसाकडे बघावं तसं, जरा अदबीनं.

“मी माझं पान धरलं नव्हतं, डॉक्टर,” ते म्हणाले.

आणि स्कूटरकडे गेले. तेव्हापासून ते मला डॉक्टरच म्हणतात. स्टाफरूममध्ये, घरात, पाहुण्यांत, अगदी लांबून हाक मारतानासुद्धा. कोणी हसत नाही. बायको म्हणते, बरं झालं, भावोजींनी शेवटी मान दिला. कधी कधी संध्याकाळी रस्त्यावर स्कूटरचा आवाज येतो आणि मी फाटकाशी जाऊन उभा राहतो, कोणी पाय टेकून काही विचारील म्हणून.